प्रवाळभित्तीवरील मासे: पाठलाग न करता निरीक्षण आणि छायाचित्रण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षण झाले आहे, हाउसिंगसह (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीसह) बऱ्यापैकी कॅमेरा हाताशी आहे, तरीही प्रवाळभित्तीवर काढलेली छायाचित्रे निळसर आणि धूसर येतात, बहुतेक चित्रांत माशाची शेपटीच दिसते, आणि नंतर तो मासा नेमका कोणता होता हेही सांगता येत नाही, अशा वेळी अधिक महागडा कॅमेरा घ्यावा, स्ट्रोब (कॅमेऱ्याला जोडायचा पाण्याखालचा स्वतंत्र फ्लॅश) घ्यावा, की आणखी काही करावे? माझ्या मते या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे आपल्यातले व माशातले अंतर. कॅमेरा बदलून ते कमी होत नाही. मासा काय करतो आहे हे ओळखावे लागते, त्याला आपली सवय होऊ द्यावी लागते, आणि मग ते आपोआप कमी होत जाते. म्हणून उपकरणांचा विचार मी शेवटाकडे ठेवला आहे.

आधी रंगांविषयी. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि त्यातून जाताना प्रकाशातील रंग क्रमाक्रमाने शोषले जातात. तांबडा सर्वांत आधी जातो. पाच मीटर खोलीवरच तो बराच क्षीण झालेला असतो. त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, आणि वीस-पंचवीस मीटरवर जवळजवळ निळ्या-हिरव्याचेच राज्य असते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र प्रकाशाच्या वाटेत खोलीइतकेच आडवे अंतरही मोजावे लागते, याचा विसर पडतो. दहा मीटर खोलीवरचा मासा तीन मीटरवरून टिपला तर सूर्यप्रकाशाने सुमारे तेरा मीटर पाणी ओलांडलेले असते. स्ट्रोबचा प्रकाशही माशापर्यंत जाऊन परत लेन्सपर्यंत येतो, म्हणजे दोन मीटरवरच्या माशासाठी त्याला चार मीटर पाणी कापावे लागते, आणि तेवढ्यात त्यातला तांबडा रंग बराचसा गळून जातो. व्यवहारात सांगायचे तर एक-दीड मीटरच्या पलीकडे स्ट्रोबकडून रंगांची फारशी अपेक्षा ठेवू नये. धूसरपणाचेही तेच आहे. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही सूक्ष्म कण असतातच, आणि मधले पाणी जितके जास्त तितके ते कण अधिक.

यात डोळ्यांची फसगतही मिसळते. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे प्रत्येक वस्तू असते त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. आपण माशाच्या पाऊण मीटरवर आलो असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात एक मीटर अंतर बाकी असते. पुरेसे जवळ आलो असे वाटले की आणखी थोडे पुढे जावे, हा सल्ला जुने छायाचित्रकार देतात तो उगाच नव्हे. पाण्याखालच्या माशाचे पहिले रंगीत छायाचित्र १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास परिसरात विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी घेतले. तो मासा हॉगफिश होता आणि प्रकाशासाठी पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. आज हातात मावणारा स्ट्रोब ते काम करतो, पण पाण्याचे नियम होते तेच आहेत.

आता शेपटीचा प्रश्न. मासा शेपटी दाखवतो याचा अर्थ तो आपल्यापासून दूर जात आहे, आणि तो दूर जात आहे कारण आपण त्याच्या मागे लागलो आहोत. सरळ समोरून, वेगाने, वरच्या बाजूने येणारा मोठा आकार माशाच्या लेखी शिकारीच असतो. त्यात स्कूबाचे बुडबुडे आणि फिन्सची (पायांत घालायच्या वल्ह्यांची) फडफड यांची भर पडते. पाठलागात मासा कायम आपल्यापेक्षा वेगवान असतो. आपल्या वाट्याला येतो तो दम, वेगाने संपणारी हवा आणि तळाची उडालेली वाळू. याउलट प्रवाळभित्तीवरच्या कित्येक माशांचा वावर अगदी लहानशा क्षेत्रात असतो. डॅमसेलफिश आपली शैवालाची जागा सोडत नाही आणि तिथे आलेल्या कोणाच्याही, अगदी माणसाच्याही, अंगावर धावून जाते. बटरफ्लायफिशच्या कित्येक जाती जोडीने ठरावीक प्रवाळांवरून फिरत राहतात आणि थोड्या वेळाने त्याच प्रवाळावर परततात. म्हणजे जो मासा आता निघून गेला तो बहुधा पुन्हा येणार आहे. आपण तिथे असलो पाहिजे एवढेच.

म्हणून माझी शिफारस अशी की एका डाइव्हमध्ये संपूर्ण भित्ती पालथी घालण्याचा हट्ट सोडावा. प्रवाळाचा एखादा सुटा उंचवटा निवडावा, त्याच्या कडेला, प्रवाळाला स्पर्श न करता, स्थिर राहावे आणि पहिली पाच मिनिटे कॅमेरा डोळ्याला लावूच नये. आपण आल्यावर जे मासे फटींत शिरले ते एकेक करून बाहेर येऊ लागतात. कोण कोणाला हुसकावतो, कोण कोणत्या प्रवाळाला चोच लावतो, कोण कोणत्या वाटेने फेरी मारतो हे दिसू लागते. मासा खाऊ लागला, म्हणजे त्याने आपली दखल घेणे सोडले असे समजावे. मग पुढे सरकायचे तेही थेट त्याच्या रोखाने न जाता तिरकस, त्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, आणि तो ज्या दिशेने चालला आहे त्याच्या पुढच्या जागी. माशाने पाठीवरचा पर (पोहण्याचा पंखासारखा अवयव) ताठ केला, अंग आडवे वळवले किंवा खाणे थांबवले की आपणही थांबावे.

ज्याला माशांचे वर्तन शिकायचे आहे त्याने सर्वांत आधी सफाईकेंद्र, म्हणजे मासे अंग साफ करून घ्यायला येतात ती जागा, शोधावे. हिंद आणि प्रशांत महासागरांतील भित्तींवर क्लीनर रास नावाचा बोटाएवढा निळसर मासा असतो. त्याच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत रुंद होत जाणारा काळा पट्टा असतो. हा मासा ठरावीक जागी राहून वर-खाली नाचत इतर माशांना बोलावतो आणि त्यांच्या अंगावरचे, तोंडातले व कल्ल्यांतले परजीवी खातो. कॅरिबियनमध्ये हेच काम लहान गोबी मासे करतात. एरवी अंगाला वारा लागू न देणारे ग्रूपर आणि स्नॅपर इथे तोंड वासून, कल्ल्यांची झाकणे फाकवून, कधी रंगही बदलून निश्चल उभे राहतात. छायाचित्रकाराला याहून सोयीची जागा भित्तीवर सापडणे कठीण. मात्र ग्राहकाची रांग तोडून मध्ये घुसू नये; दोन-अडीच मीटरवर थांबावे, एक-दोन ग्राहक येऊन जाऊ द्यावेत आणि मग टप्प्याटप्प्याने जवळ जावे. मोठा मासा अचानक अंग झटकताना दिसला तर समजावे की सफाई करणाऱ्याने परजीवी सोडून त्याच्या अंगावरचा पौष्टिक चिकट थर कुरतडला आहे. ती झटक टिपता आली तर त्या एका चित्रात या व्यवहारातली सारी ओढाताण येते. याच परिसरात एक तोतयाही असतो. ब्लेनी कुळातला एक मासा रंगाने व चालीने क्लीनर रासची हुबेहूब नक्कल करतो आणि जवळ आलेल्या माशाच्या परांचा लचका तोडतो. दोघांना ओळखण्याची खूण तोंडात आहे: रासचे तोंड डोक्याच्या अगदी टोकाला असते, तोतयाचे मागे, खालच्या बाजूला. छायाचित्र बाजूने आणि जवळून घेतलेले असेल तरच ही खूण पडद्यावर सापडते.

दुसरी शाळा म्हणजे भित्तीच्या पायथ्याची वाळू, जिच्यावरून बहुतेक पाणबुडे न थांबता पोहून जातात. तिथे लहान बिळे असतात आणि बिळाच्या तोंडाशी एखादा गोबी मासा पुढच्या परांवर टेकून बसलेला असतो. बीळ त्याचे नसते. ते खणते आणि साफ ठेवते ती त्याच्याबरोबर राहणारी कोळंबी. तिची दृष्टी फारच अधू असते, म्हणून बाहेर येताना ती आपली एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका जाणवला की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी तत्काळ आत जाते. धोका वाढला तर गोबीही डोके खाली करून बिळात सूर मारतो. त्यानंतर दहा मिनिटे वाट पाहावी लागली तरी नवल नाही. इथे घाई नडते. प्रवाळ किंवा इतर जीव नसलेल्या मोकळ्या वाळूवर पोट टेकवून, बिळापासून दीड-दोन मीटरवरून सुरुवात करावी, आपली सावली बिळावर पडणार नाही असे पाहावे आणि एका वेळी वीतभरच पुढे जावे. गोबीची शेपटी हलली की श्वासाची लय तशीच ठेवून थांबावे, तो पुन्हा स्थिरावला की पुढचा टप्पा घ्यावा. कोळंबी वाळूचा ढिगारा दोन्ही नांग्यांनी बुलडोझरसारखा ढकलत बाहेर येते, तो ढिगारा टाकते आणि वळते. हा क्रम ती पुनःपुन्हा करते, त्यामुळे तिच्या बाहेर येण्याचा अंदाज बांधता येतो. फोकस आधीच गोबीच्या डोळ्यावर धरून ठेवावा आणि मिशीचा स्पर्श दिसेल असा क्षण निवडावा. पांढरी वाळू स्ट्रोबचा प्रकाश जोरात परतवते, म्हणून स्ट्रोबची ताकद कमी करून त्यांची तोंडे किंचित वर उचलावीत. अन्यथा मासा बरोबर येतो आणि वाळू जळून जाते.

समुद्रपुष्पातले (सी ॲनिमोनीतले) क्लाउनफिश सर्वांनाच हवे असतात आणि सर्वांचेच हलतात. त्यांच्या समूहातला सर्वांत मोठा मासा मादी असतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर, आणि उरलेले लहान मासे प्रजनन न करणारे. मादी नाहीशी झाली तर नराचे मादीत रूपांतर होते. हे माहीत असले की चौकटीत कोण कोण आहे ते कळते, आणि नर एकाच जागी पुनःपुन्हा का खाली जातो याचेही कारण सापडते. समुद्रपुष्पाच्या बुडाशी खडकावर अंडी असतात, आणि नर परांनी त्यांना वारा घालतो, तोंडाने साफ करतो. ताजी अंडी नारिंगी दिसतात. पुढे आतल्या पिलांचे चंदेरी डोळे चमकू लागतात. साधारण आठवड्याभरात, अंधार पडल्यावर, ती फुटतात. माशाच्या मागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा त्याच्या येण्याच्या जागेवर फोकस बांधून ठेवावा. नर अंड्यांवर असताना मात्र आपला मुक्काम आटोपता घ्यावा, कारण नर आपल्याशी भांडण्यात गुंतला की अंडी उघडी पडतात.

दिवसातली सर्वांत कमी वापरली जाणारी वेळ म्हणजे संध्याकाळ. सूर्यास्ताच्या सुमारास दिवसाचे मासे फटींत परततात, रात्रीचे अजून बाहेर पडलेले नसतात आणि मधली काही मिनिटे भित्ती ओस पडल्यासारखी वाटते. शिकारी मासे नेमकी हीच संधी साधतात. त्यानंतर सोल्जरफिश, कार्डिनलफिश अशी मोठ्या डोळ्यांची मंडळी बाहेर येतात. कार्डिनलफिशच्या अनेक जातींत नर अंडी तोंडात बाळगतो, त्यामुळे हनुवटी फुगलेला मासा दिसला तर थांबावे. तो अधूनमधून तोंड उघडून अंडी खालीवर करतो. पश्चिम प्रशांत महासागरातला मँडरिनफिश दिवसभर तुटक्या प्रवाळांच्या खचात लपलेला असतो आणि सांजवेळी नर व मादी गालाला गाल लावल्यासारखे काही सेकंद वर येऊन अंडी व शुक्राणू सोडतात. त्यांच्यासाठी मंद तांबडा दिवाच वापरावा; पांढऱ्या झोतात ते वर येतच नाहीत. रात्री झोपलेल्या पॅरटफिशच्या काही जाती स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष तयार करतात, आणि रक्त शोषणाऱ्या परजीवींपासून त्यामुळे बचाव होतो असे प्रयोगांत दिसले आहे. एक-दोन छायाचित्रे घेऊन दिवा बाजूला वळवावा. दचकून जागा झालेला पॅरटफिश कोष फाडून अंधारात सुसाट पळतो आणि प्रवाळावर आपटतो.

आता उपकरणे. स्ट्रोब घ्यावा का, याचे उत्तर होय असे आहे, आणि नव्या कॅमेऱ्याच्या आधी घ्यावा. तोवर दहा मीटरच्या वर राहावे, सूर्य पाठीशी ठेवावा, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) चित्रे घ्यावीत आणि खोली बदलली की पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी) नव्याने बसवावा. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने समोरचे कण सरळ उजळतात आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. स्ट्रोब लांब बाहूंवर दोन्ही बाजूंना, हाउसिंगच्या किंचित मागे आणि थोडे बाहेरच्या दिशेने वळवून लावले म्हणजे प्रकाशाची कडाच माशाला उजळते व मधले पाणी अंधारात राहते. लहान जीवांसाठी एफ/११ ते एफ/१६ एवढे लेन्सचे छिद्र, १/२०० सेकंद शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते २०० इथून सुरुवात करावी. मोठ्या दृश्यांत पाण्याचा निळा रंग शटरच्या वेगाने ठरतो आणि जवळच्या प्रवाळाचा उजेड स्ट्रोबच्या ताकदीने. या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळायच्या असतात हे एकदा उमगले की निम्मे कोडे सुटते. लेन्सच्या बाबतीत झूमचा मोह टाळावा: लहान माशांना मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) आणि दृश्यांना डोम पोर्टमागची (हाउसिंगच्या घुमटाकार काचेमागची) वाइड-अँगल लेन्स, मधले काही नाही. ओलिंपसच्या (आता ओएम सिस्टम या नावाच्या) टीजी मालिकेतले छोटे कॅमेरे एक सेंटिमीटरपर्यंत फोकस करतात, आणि न्यूडीब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई) किंवा खेकडे टिपण्यासाठी त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. हाउसिंगच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना, हे प्रत्येक डाइव्हपूर्वी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

कॅमेऱ्यापेक्षा अधिक सराव लागतो तो तरणशीलतेचा. कॅमेरा न घेता, भित्तीपासून दूर, श्वासाच्या आधारे एकाच पातळीवर तरंगत राहता आले पाहिजे, मागे सरकता आले पाहिजे आणि फिन्स गुडघ्यातून वर वळवून बेडूकचालीने पोहता आले पाहिजे. छायाचित्रासाठी प्रवाळ धरणे, त्यावर गुडघा टेकणे किंवा काठीने जीव हलवून पार्श्वभूमी बदलणे याला कोणतेही समर्थन नाही. तळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांत फ्लॅशपेक्षा हाताळण्याचाच त्रास त्यांना अधिक होतो असे आढळले आहे. तरीही जेमतेम दोन सेंटिमीटरच्या पिग्मी समुद्रघोड्यासारख्या जीवासमोर मोजकीच छायाचित्रे घ्यावीत, आणि तो पाठ फिरवत असेल तर तो ज्याला धरून राहतो त्या सी फॅनला (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळाला) हात लावून त्याला वळवू नये. बुडबुड्यांनी मासे बिथरतात म्हणून काही जण श्वास रोखून धरतात. स्कूबावर ही सवय जीवघेणी ठरू शकते, कारण नकळत थोडे वर गेले तरी फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. श्वास संथ ठेवावा, रोखू नये, आणि प्रत्येक काही छायाचित्रांनंतर हवेचा काटा पाहण्याचा नियम पाळावा. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असताना अंगावर आला तर वर पळू नये. तो राखतो ते क्षेत्र वरच्या दिशेने रुंदावत जाते, म्हणून फिन्स त्याच्याकडे करून आडवे दूर जावे.

राहिला ओळखीचा प्रश्न. रंगावर विसंबू नये, कारण वय, लिंग आणि वेळेनुसार तो बदलतो. एम्परर एंजलफिशचे पिल्लू गडद निळे असून त्यावर पांढरी वर्तुळे असतात, तर प्रौढ माशावर पिवळे आडवे पट्टे असतात. एके काळी या दोघांना दोन वेगळ्या जाती मानले गेले होते. पॅरटफिशचे आरंभीच्या अवस्थेतले मासे करडे-तपकिरी आणि अंतिम अवस्थेतले नर हिरवे-निळे असतात. म्हणून सुंदर चित्राच्या आधी एक साधे, बाजूने घेतलेले, सर्व पर दिसणारे चित्र घ्यावे. तोंडाची जागा, शेपटीचा आकार, डोळ्यावरून जाणारा पट्टा, पाठीच्या परावरचा ठिपका आणि मासा कशावर काय करत होता हे त्याच दिवशी वहीत लिहावे. फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीकोशावर जातीचा प्रदेश आणि खोली पडताळता येते, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर इतर जाणकार ओळख तपासून देतात, आणि १९९० मध्ये स्थापन झालेली रीफ ही संस्था स्वयंसेवी पाणबुड्यांनी केलेल्या माशांच्या नोंदी गोळा करते. नोंद पाठवण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ स्थानिक वेळेला लावलेले आहे ना हे पाहावे, म्हणजे डाइव्ह-संगणकातल्या नोंदीशी ताडून प्रत्येक चित्राची खोली आणि तापमान नंतरही काढता येते.